शेट जेवाले गेले

आमच्या दुकानाले शेट हाय, हे मले तानबाभाऊच्या चक्कीवर समजलं.

आता पाहा, दुकान आमचं. हिंगणीच्या स्टँडवरची ते खोली माह्या बाबानं पानठेल्यासाठी बांधली होती, अन् जाताना माह्या नावानं करून देल्ली. त्या खोलीत आमच्या ह्याईनं मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं. जळलेली मोटार आली का आतली जळकी तार काढाची अन् नवी तांब्याची तार भराची, असं काम. ह्याईचं नाव दुर्गेश, पन मी तोंडानं घेत नाई, हेच म्हनते. शटरची एक चाबी ह्याईच्या खिशात अन् एक माह्या पदराले. अन् सीताबाई दळनाचा डबा खाली ठेवते अन् मले इचारते, "रुपा, तुमचे शेट कोठचे वं?"

"कोनचे शेट?"

"दुकानाचे. बंडूजी शेट. नागपूरचे हाय म्हन्ते न?"

मले वाटलं बुढीचा घोळ झाला. मी म्हनलं, "तुम्ही सेलूच्या वासुदेवरावले म्हनून राह्यल्या काय? ते जुने शेट. त्याईच्याकडची नोकरी तं सोडली आता."

"अवं नाई! वासुदेवराव मले माहीत नाई काय? हे नवे. गुडघा दुखते त्याईचा, म्हनून लय येत नाई. अन् कांदा खात नाई म्हने."

 मंग चक्कीमांगून तानबाभाऊचा आवाज आला, "मले तं देवमानूस वाटते बाप्पा. माह्या वावरातली मोटार सांगतल्या टायमाले देल्ली त्यानं."

"तुम्ही पाह्यलं त्याईले?"

"पाह्यलं नाई. मी गेलतो तवा जेवाले गेले होते."

मी दळन तिथंच इसरली अन् रिकाम्या हातानं घरी आली.

ह्याईचं सांगते म्हनलं तं, लग्नाच्या आधीपासून हे सेलूले वासुदेवरावच्या दुकानात. हात असा का जळून कोळसा झालेली मोटार बी बोलाले लावन. पन भेव! स्वतःचं दुकान टाका म्हनलं का हे उठून बाहेर जाये. मी मांगं लागली, भांडली, अबोला धरला, बाबाची खोली रिकामी करून देल्ली, तवा कुठी आखाडीले शटर उघडलं. वासुदेवराव मानूस चांगला. निघताना म्हने, "दुर्गेश, पोळ्यापर्यंत तुह्यं स्टूल रिकामं ठेवतो. जमलं नाई तं लाजू नको, येजो. मंग मात्र दुसरा मानूस ठेवन." त्याईनं चांगल्या मनानं म्हनलं, पन मले ते स्टूल रोज डोळ्यासमोर दिसे. पोळा जवळ येऊन राह्यला होता अन् हा बंडूजी शेट कुठून उपटला? दुकान चालत नाई म्हनून ह्याईनं बाबाची खोली कोनाच्या घशात तं घातली नाई?

सरळ इचारा लागत होतं. पन माही जीभ अशी, भांडाचं असन तं सुरी, अन् खरंच इचाराचं असन तं लाकूड. संध्याकाळी ताट वाढताना म्हनलं, "कांदा देऊ?"

"दे न."

कांदा खाल्ला. मी म्हनलं, "गुडघा दुखते काय हो तुमचा?"

"नाई बाप्पा. काऊन?"

"काही नाई. इचारलं असंच."

हे माह्याकडे पाहे, मी ह्याईच्याकडे पाहो. काही समजून नाई राह्यलं होतं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मीच दुकानात गेली. एरवी मी तिकडे फिरकत नसो, मोटारीचा आवाज अन् वार्निशचा वास मले सोसत नाई. पाहते तं काय, दुकानात एक नवी निळी खुर्ची. तिच्या पाठीवर पांढरा दुपट्टा घडी करून ठेवला. समोर टेबल, टेबलावर पान्याचा गिलास, त्यावर झाकन. खुर्ची रिकामी. अन् आमचे हे? हे खाली, बोऱ्यावर, मोटार मांडीत घेऊन बसलेले.

 खरंच हाय तं मंग शेट!

मी काही बोलाच्या आत एक मानूस खांद्यावर पंखा घेऊन आला. खुर्चीकडे पाह्यलं अन् म्हने, "शेट नाई काय?"

ह्याईनं मान बी वर नाई केली. "शेट जेवाले गेले जी. ठेवून जा पंखा."

मानूस गेला. मी डबा टेबलावर आपटला. गिलासावरचं झाकन उडालं.

"कोनचा शेट? कुठी जेवते? कोनाच्या घरी जेवते? माह्या बाबाच्या खोलीत खुर्ची टाकून बसते अन् मले माहीत नाई?"

हे इतके दचकले का तारेचं भेंडोळं हातातून सुटलं. "हळू बोल, रुपा."

"नाई बोलत हळू! दुकान इकलं काय?"

"नाई वं."

"मंग भागीदार घेतला?"

"कोनी नाई. शेटच नाई हाय."

"आत्ता तं म्हनलं जेवाले गेले!"

ह्याईनं मान खाली घातली. बोलता बोलता कान लाल झाले. "पहिल्या दिवशी एक जन आला. दारातच म्हने, शेट कुठी हायेत? अन् माह्या तोंडातून निघून गेलं, शेट जेवाले गेले, बसा. वासुदेवरावच्याकडे रोज हेच म्हना लागे न मले. तो बसला. लय वेळ बसला. मंग त्याले काय सांगाव, का शेट मीच हाय अन् इतक्या वेळचा खोटं बोलून राह्यलो?"

"मंग?"

"मंग म्हनलं, उशीर होईन, मोटार ठेवून जा. तो ठेवून गेला."

"अन् बंडूजी?"

"एकानं नाव इचारलं. तोंडात आलं ते सांगतलं."

"अन् गुडघा?"

"येत काऊन नाई म्हने. काही तं कारन द्या लागन न."

"अन् कांदा खात नाई ते?"

"कांद्याचं मले नाई माहीत. ते लोकाईनं लावलं असन."

मले रागवाचं होतं. देवाशपथ रागवाचंच होतं, पन हसूच आलं, अन् हसता हसता डोळ्यात पानी आलं, अन् मले समजेना का मी हसून राह्यली का रडून राह्यली. हे म्हने, "रुपा, मी शेट म्हनलं का माहे हात थरथरते. मोटार जळली तं कोनाच्या तोंडाकडे पाहू? शेट हाय म्हनलं का हात बरोबर चालते. कामात खोट नाई माह्या. पाह्य न तू, लोकं येऊन राह्यले."

लोकं येऊन राह्यले होते, हे खरं.

वासुदेवरावच्या दुकानातला एक कायदा होता, तोही ह्याईनं त्या दिवशी सांगतला. मोटार भरून झाली का कारागिरानं मांगं सराव अन् गिऱ्हाइकासमोर स्टार्टरची कळ शेटनं दाबाव. फिरली तं शेटचं नाव, धूर निघाला तं शेटची जबाबदारी. इतके वर्सं मोटारी भरल्या, पन लोकाईसमोर कळ कधी दाबली नाई. आता आपल्या दुकानात काय करता म्हनलं, तं म्हने, कोनी नसते तवा शटर अर्धं ओढतो, डोळे मिटतो अन् दाबतो.

मी त्याच दिवशी त्या शेटले हाकलाव का नाई? नाई हाकललं. कारन दुसऱ्याच दिवशी सीताबाई मिक्सर घेऊन आली अन् म्हने, आपल्या घरचंच हाय, तसंच, बिनपैशानं करून दे. अन् माह्या तोंडातून निघालं, "मी देल्लं असतं वं मावशी, पन शेट रागावते न." सीताबाई मुकाट्यानं गेली. काय सांगू, मले असं हलकं वाटलं! इतके दिवस नाई म्हनाले माहा जीव जाये. शेट तं लय कामाचा निघाला.

मंग तो आमच्या घरातच येऊन बसला. एक दिवस मीच ह्याईले म्हनलं, "दुकानात उकडते, एक पंखा लावाव काय, शेटले इचारून पाहा." अन् हे म्हने, "हो, इचारतो." मंग दोघंही एकमेकाच्या तोंडाकडे पाहत राह्यलो. येडे आम्ही का गाव येडं, मले काही कळे ना.

अन् पोळ्याच्या तोंडावर तानबाभाऊच्या चक्कीची मोटार जळली.

पोळा म्हनजे बैलाचा सन. घरोघरी पुरन, करंज्या, अन् बैलाले पोळीचा निवद. चक्की गावात एकच. बायाईचे डबे तिथंच अडकले. तानबाभाऊ ते एवढी मोठी मोटार टेम्पोत टाकून आमच्या दुकानासमोर आला. नेमकी मी डबा घेऊन पोचली होती.

"शेट कुठी?"

"शेट..." हे म्हने, "नागपूरले."

"मंग त्याईले फोन लाव. पोळ्याच्या आधी देतो असा शेटचा शब्द पायजे मले. गावाचा सन हाय. तुह्या शब्दावर नाई ठेवत, तू गडीमानूस."

 शेटनं इतके दिवस ह्याईले सांभाळलं, अन् आता तोच शेट ह्याईच्या पुढे येऊन उभा झाला. हे म्हने, "शेट फोन नाई उचलत."

"नाई तं नाई." तानबाभाऊनं सेलूले वासुदेवरावले फोन लावला, अन् त्याचा फोन असा का पलीकडच्याचं बोलनं अख्ख्या स्टँडले आयकू येते. वासुदेवराव म्हने, "आना मोटार. पन दुर्गेशले बी संगं आना. ते मोटार आजवर त्यानंच भरली हाय, दुसऱ्याच्या हाती मी देत नाई."

तानबाभाऊले यात काही नवल वाटलं नाई. म्हने, "चाल मंग, दुर्गेश. बस टेम्पोत."

अन् आमचे हे उठले. पाने-पक्कड पिशवीत टाकले, दुपट्टा झटकला, अन् टेम्पोकडे निघाले. चेहरा कसा, तं ताप उतरलेल्या मानसासारखा मोकळा.

"कुठी चालले?" मी इचारलं.

"सेलूले. भरून देतो न. तिथं शेट हायेत कळ दाबाले."

"अन् वापस?"

ह्याईनं पिशवी खांद्याले लावली. मंग हळूच म्हने, "पोळा तं आलाच, रुपा."

मले सगळं समजलं अन् काहीच समजलं नाई. शटर पडनार, बाबाच्या खोलीत पुन्हा उंदरं नाचनार, अन् हा मानूस जल्मभर त्या स्टुलावर. पन त्याचा चेहरा मोकळा झाला होता न! मी कोन त्याले ढकलनारी? उद्या चक्कीची मोटार जळली अन् गावाचा पोळा नासला तं याच गावात तोंड दाखवाचं हाय. जाऊ द्याव का अडवाव? मनात एक म्हने हो, दुसरं म्हने नाई. अन् मधातच माहं तोंड आपल्या मनानं चाललं.

"तानबाभाऊ, उतरवा मोटार! शेटनं हो म्हनलं."

"कवा?"

"आत्ताच. माह्या फोनवर. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी चक्की चालू. शेटचा शब्द हाय."

तानबाभाऊनं डोकं खाजवलं. "बरं. पन कळ दाबाले शेट सोता पायजेत. गुडघा दुखो का कंबर दुखो."

"येतीन," मी म्हनलं.

मोटार उतरली, टेम्पो गेला. हे माह्याकडे असे पाहे जसं मीच मोटार जाळली.

"कोन येईन, रुपा?"

"शेट."

"शेट नाई हाय!" ह्याईनं पहिल्यांदा माह्यावर आवाज चढवला. "तुले माहीत हाय न शेट नाई हाय!"

"मंग मोटार कोन भरन?"

"मी."

"अन् आजवरच्या कोन भरल्या?"

"मीच."

"मंग राह्यलं काय? एक कळ दाबनं राह्यलं. भरा."

म्हनलं तं लय जोरात, पन घरी येऊन बसली अन् मलेच भेव वाटलं. शब्द देनं म्हनजे काय असते, हे मले तवा समजलं. आपलं सगळं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवाव लागते. अन् मी ह्याईले रोज म्हनो, भित्रा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी चक्कीसमोर डब्याईची लाइन रस्त्यापर्यंत गेली. अख्खं गाव जमलं, दळनासाठी कमी अन् शेटले पाहाले जास्त. ह्याईनं मोटार बसवली, पट्टा चढवला, अन् उभे झाले. तानबाभाऊ सेलूच्या रस्त्याकडे डोळे लावून बसला. एसटी आली. तिच्यातून एक जाडा मानूस उतरला, पांढरा शर्ट, अन् चालते कसा, तं लंगडत!

"आले, आले!" कोनी तरी वरडलं. दोघं जन खुर्ची घेऊन धावले. सीताबाईनं पान्याचा तांब्या पुढे केला. खोटं काऊन बोलू, एक घडी मलेही वाटलं, आले बाप्पा! छातीवर हात ठेवला मी.

"बसा शेट," तानबाभाऊ म्हने.

तो मानूस घाबरून गेला. "मी कायचा शेट? मले बोर धरनावर जाचं हाय, ऑटो कुठं भेटन?"

मंग सगळे ह्याईच्याकडे पाहाले लागले. हे माह्याकडे पाहे. मी बी पाहत राह्यली, कारन माह्याजवळचं सारं खोटं संपलं होतं. हे स्टार्टरजवळ गेले. हात पँटीले पुसला. डोळे मिटले नाई, हे मी पाह्यलं. अन् दाबली कळ.

मोटार फिरली. बाया वरडल्या. पन तानबाभाऊ त्याहून मोठ्यानं वरडला, "उलटी! उलटी फिरून राह्यली! बंद कर!"

पट्टा चढवाच्या आधी मोटार कोनीकडे फिरते ते पाहून घ्या लागते. हे ह्याईले झोपेत बी पाठ, पन त्या दिवशी थरथरीत इसरले. चक्की बंद झाली. कोनी हसलं, कोनी म्हने, गेला पोळा. तानबाभाऊ तावातावानं पुढे आला. "कोनी बांधली हे मोटार? बोलाव तुह्या शेटले! त्यालेच इचारतो!"

 आता हे म्हनतीन, शेटनं सांगतलं तशी बांधली. नाई तं पिशवी उचलतीन अन् सेलूची गाडी पकडतीन.

"म्या बांधली," हे म्हनाले. "चूक माही हाय. शेट-गिट कोनी नाई, तानबाभाऊ. कधीच नव्हता. दुकान माहं हाय. दोन वायरी बदलाच्या राह्यल्या, तेवढं बदलू द्या."

 ह्याईनं खाली बसून दोन वायरी अदलाबदल केल्या. हात थरथरत होते, पन थांबले नाई. उठले, पुन्हा कळ दाबली. मोटार फिरली, पट्टा फिरला, अन् दोन घटकेत तानबाभाऊच्या जात्यातून गरम पीठ पडाले लागलं. तानबाभाऊनं चिमटीत धरून पाह्यलं अन् पहिला डबा लावला.

सीताबाई मात्र माह्याजवळ सरकली. "काखेत कळसा अन् गावाले वळसा, माय! पन मंग ते नागपूरचे शेट कुठी गेले?"

"नव्हतेच वं मावशी."

"नव्हते कसे? कांदा खात नव्हते न?"

आजही गावातले अर्धे लोकं म्हनते का बंडूजीनं दुकान दुर्गेशले देऊन टाकलं. मी कोनाकोनाले समजावू?

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारादारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या, त्याईले मेढे म्हनते, त्या उचलून लोकं गावाबाहेर टाकाले निघाले; त्याईच्यासंगं गावाची रोगराई जाते म्हनते. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! खासी खोकला घेऊन जा गे मारबत!" आमचे हे कधी वरडत नाई, लाजते. पन त्या दिवशी शिवेवर मेढा फेकला अन् एकदम वरडले, "आमच्या शेटले घेऊन जा गे मारबत!" लोकं हसले. मी हसली नाई. माहा जीव अजून टांगलाच होता, कारन वासुदेवरावचा पोळा आता सरला होता, स्टूल गेलं होतं, अन् ज्या शेटच्या भरवशावर हात चालत होता तोही आम्हीच फेकून देल्ला होता.

तिथूनच दुकानावर गेलो. मी माह्या चाबीनं शटर उघडलं. हे आत गेले अन् निळ्या खुर्चीजवळ उभे झाले. बोऱ्याकडे पाह्यलं, खुर्चीकडे पाह्यलं. मी मुद्दाम झाडू घेतला अन् पाठ केली.

तेवढ्यात दारात एक अनोळखी शेतकरी आला, केळझरकडचा असन. मोटार खाली ठेवली, घाम पुसला अन् म्हने, "शेट कुठी हायेत?"

मी झाडू थांबवला. मांगं पाहाची हिंमत झाली नाई. ह्याईनं तोंड उघडलं, "शेट..." अन् थांबले.  मंग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"शेट जेवून आले," हे म्हनाले. "बोला."